बी.एड.च्या इंटर्नशिपमध्ये इतिहास-भूगोल शिकवताय? आधी काय, नंतर काय, आणि हमखास गडबड कुठे होते

दरवर्षी नागपूरच्या आमच्या शाळेत बी.एड.ची पोरं-पोरी इंटर्नशिपला येतात आणि दरवर्षी तेच होतं. पहिल्या दिवशी बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणलेले चार्ट पेपर, स्केचपेन, लॅमिनेट केलेले शिवाजी महाराज, सुंदर अक्षरात लिहिलेली लेसन नोट (पाठाचं टाचण), आणि थेट सातवी ब मध्ये एन्ट्री. पस्तीस मिनिटांनी बाहेर येतात तेव्हा घसा बसलेला असतो आणि पोट्ट्यांना विचारलं की आज काय झालं, तर म्हणतात, "नव्या मॅडमनं चार्ट दाखवला." मीही असंच केलं होतं, म्हणून हसत नाहीये. चूक मेहनतीत नसते, क्रमात असते. नोट, मग चार्ट, मग शिकवणं, मग सही असा सगळ्यांचा क्रम असतो, आणि त्यात वर्गातली पोरं कुठेच येत नाहीत.

हे सहावी ते आठवीच्या इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोलासाठी आहे. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये एकूण २० आठवडे शाळेत काढायचे असतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. मी मुख्यतः त्या १६ आठवड्यांबद्दल लिहितेय.

टप्पा १: शाळेत पाय ठेवायच्या आधी

तुमच्या वाट्याला येणारे धडे वाचायचे. "वाचलेत मॅडम" म्हणतात सगळे, पण वाचणं म्हणजे प्रत्येक परिच्छेदाखाली पेन्सिलने दोन गोष्टी लिहायच्या: यातला कोणता शब्द बारा वर्षांच्या पोराला अडेल आणि यातलं काय त्याने नागपुरात डोळ्याने पाहिलंय. बस्स. चार धड्यांचं एवढं केलं तरी अर्धी तयारी झाली.

अडणारे शब्द म्हणजे फक्त अवघड शब्द नाहीत हां. सोपे वाटणारेच जास्त घात करतात. आठवीच्या इतिहासात १८५७ च्या लढ्याची कारणं येतात, त्यात डलहौसीने संस्थानं "खालसा" केली असं असतं. आपल्याला वाटतं सोपा शब्द आहे, पुढे चला. मी चाललेच होते पुढे, त्याचं काय झालं ते टप्पा ५ मध्ये सांगते.

सोबत न्यायचं सामान: एक जाड वही (फाइल नाही, वही), दोन रंगांचे खडू, कोऱ्या नकाशांच्या झेरॉक्स, जुन्या कागदांच्या हाताएवढ्या चिठ्ठ्या, घड्याळ. चार्ट नंतर बघू.

टप्पा २: पहिला आठवडा मागच्या बेंचवर

हा आठवडा सगळ्यांना फुकट गेलेला वाटतो. कॉलेजचा निरीक्षण तक्ता भरायचा असतो आणि त्यात सगळे "शिक्षकांनी विषयाची प्रस्तावना उत्तम केली" असं लिहून मोकळे होतात. ते कॉलेजसाठी लिहा, पण जाड वहीत हे लिहा:

वर्गाचा नकाशा काढा, बेंचसकट. पूर्ण पिरियडमध्ये जो बोलला त्याच्या जागेवर टिंब द्या. तीन दिवस करा. तुम्हाला दिसेल की सगळी टिंबं सात-आठ पोरांवरच पडतात, त्यातली पाच पुढच्या दोन बेंचवरची, आणि खिडकीच्या बाजूची एक अख्खी रांग कोरी असते. तुमचा लेसन फसला तर तो त्या कोऱ्या रांगेत फसतो, आणि तुम्हाला कळतही नाही कारण पुढची सात पोरं तुम्हाला उत्तरं देऊन खूश ठेवतात.

दुसरं, कोणाला वाचता येतं ते बघा. सातवीतही काही पोरांना परिच्छेद सलग वाचता येत नाही, ही सगळ्या शाळांची गोष्ट आहे, लाजायचं कारण नाही. पण हे सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावून शोधायचं नाही. मधल्या सुट्टीत बाजूला बसा, "मला हे तीन ओळी वाचून दाखव न" म्हणा. गप्पा मारत.

तिसरं, पोरं कोणत्या भाषेत विचार करतात ते ऐका. आमच्याकडे एकाच वर्गात वऱ्हाडी बोलणारे, घरी हिंदी बोलणारे आणि पुस्तकी मराठी बोलणारे असे तिन्ही असतात. "उद्देशिका", "सार्वभौम" हे तिघांनाही परकेच.

तपासून बघा: आठवड्याच्या शेवटी वही मिटून निदान पंचवीस नावं आठवतात का? "ए निळ्या स्वेटरवाला" करत तुम्हाला वर्ग सांभाळता येणार नाही, खरंच सांगते.

टप्पा ३: पूर्ण पिरियड मागू नका, सात मिनिटं मागा

मार्गदर्शक शिक्षिकेला म्हणा, "मॅडम, उद्याच्या तुमच्या पिरियडमध्ये नकाशा मी दाखवू का?" किंवा मागच्या धड्याची उजळणी मी घेऊ का. दुसऱ्या आठवड्यात रोज सात-आठ मिनिटं. कॉलेजात सूक्ष्म अध्यापन (छोट्या पाठांचा सराव) केलेलं असतं तुम्ही, पण तिथे समोर मैत्रिणी बसलेल्या असतात आणि त्या आज्ञाधारक पोरांचं नाटक करतात. इथे खरे पोट्टे आहेत.

या सात मिनिटांत एकच गोष्ट शिकायची: प्रश्न विचारून गप्प उभं राहणं. नव्या माणसाला शांतता सहन होत नाही, प्रश्न विचारला की दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो. मनात पाचपर्यंत मोजा. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला कोऱ्या रांगेतला एखादा हात हळूच वर येतो, तो पहिल्यांदा वर येताना पाहिला की मग सवय लागते.

सावधान: "समजलं का?" हा प्रश्न नाही. त्याचं उत्तर देशभर एकच आहे, "होऽऽ मॅऽऽडम". त्याऐवजी "सूर्य इकडे आहे, मग कामठी कोणत्या बाजूला?" असं विचारा म्हणजे हात कुठे जातो ते दिसतं.

नकाशाची एक गोष्ट इथेच सांगून टाकते. भिंतीवर नकाशा टांगला की पोरांच्या डोक्यात "उत्तर दिशा म्हणजे वर" पक्कं बसतं, छताकडे बोट दाखवतात काही जण. पहिल्यांदा नकाशा जमिनीवर पसरा, खऱ्या उत्तरेला लावून, पोरांना भोवती उभं करा, आणि मगच भिंतीवर टांगा. पाच मिनिटांचं काम आहे पण वर्षभर पुरतं.

टप्पा ४: पहिला पूर्ण लेसन, आणि लेसन नोट उलटीकडून

तासिका ३५ मिनिटांची म्हणतात. हजेरी, आधीच्या सरांचा फळा पुसणं, "मॅडम पाणी पिऊन येऊ" हे सगळं वजा केलं की हातात २६-२७ मिनिटं उरतात. चाळीस मिनिटांचा मसाला घेऊन गेलात की शेवटची पाच मिनिटं तुम्ही राजधानी एक्सप्रेस होता.

नोट लिहायचा क्रम असा:

१. आधी शेवटचा प्रश्न लिहा. पिरियड संपताना प्रत्येक पोराने चिठ्ठीवर एका-दोन ओळींत कशाचं उत्तर द्यावं? एकच प्रश्न.
२. मग त्या उत्तरासाठी पोराला कोणत्या तीन गोष्टी कळायला हव्या. तीनच.
३. मग फळा. वहीच्या एका पानावर फळा काढा, कुठे काय लिहिणार ते. जे फळ्यावर बसत नाही ते त्या दिवशी शिकवायचं नाही.
४. मग सुरुवात कशी करायची.
५. सगळ्यात शेवटी, लागलाच तर चार्ट.

कॉलेजच्या छापील नमुन्यात उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती असे रकाने असतात, ते भरावेच लागतात, पण वरचं पाच ओळींचं झालं की ते रकाने अर्ध्या तासात भरतात. उलट केलं तर रात्रीचे दोन वाजतात आणि नोट सुंदर होते फक्त.

सुरुवातीसाठी नागपूर वापरा, इथे भरपूर आहे. १८५७ ची कारणं शिकवताना झाशी आणि अवध येणारच, पण तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये वारले, वारस नाही म्हणून १८५४ मध्ये कंपनीने नागपूरचं राज्य घेतलं, हे नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या पोराला सांगून बघा, मान वर करतो तो. सीताबर्डीच्या टेकड्यांवर १८१७ च्या २६-२७ नोव्हेंबरला लढाई झाली, आणि त्याच टेकड्यांखाली आज आपण भाव करून सँडल घेतो. संविधानाची ओळख करून देताना दीक्षाभूमी. असहकाराला १९२० चं नागपूर अधिवेशन, त्यानंतर १९२३ चा झेंडा सत्याग्रह.

सावधान: स्थानिक गोष्ट म्हणजे गल्लीतल्या आजोबांनी सांगितलेली दंतकथा नाही. गोंड राजा बख्त बुलंद शाहपासून मारबतीच्या मिरवणुकीपर्यंत नागपुरात प्रत्येकाची आपली एक कहाणी आहे, ऐकायला मजा येते, पण फळ्यावर तारीख लिहायची तर आधी पक्की करा. आणि सहलीचं बोलून बसू नका. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी लोकांना आत सोडतात. पोरांना "पुढच्या मंगळवारी किल्ल्यावर नेते" म्हणून फसलेली एक छात्राध्यापिका मी पाहिलेली आहे, आरशात.

टप्पा ५: चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे (हे वगळलं तर बाकी सगळं व्यर्थ)

शेवटची चार मिनिटं राखून ठेवा. चिठ्ठी वाटा, प्रश्न फळ्यावर लिहा, नाव लिहिलं नाही तरी चालेल पण रांग लिहायला सांगा. घरी जाऊन, किंवा त्याहून बरं म्हणजे स्टाफरूममध्येच, तीन गठ्ठे करा: जमलं, अर्धवट, भलतंच.

माझा तो खालसाचा लेसन. प्रश्न होता, "डलहौसीने नागपूर खालसा केले म्हणजे काय केले?" मार्गदर्शक मॅडमनी चांगला शेरा दिला होता, मी हवेत होते. चिठ्ठ्या उघडल्या तर एकावर, नीट सुवाच्य अक्षरात: "डलहौसीने राजाला शीख बनवले." मी हसले. मग पुढची उघडली, त्यावर "पगडी घालायला लावली". अशा नऊ निघाल्या. पोरांनी खालसा पंथ ऐकलेला, त्यांनी आपलं डोकं लावून अर्थ जोडला, यात त्यांचा काय दोष, मी अख्ख्या पिरियडमध्ये तो शब्द बहुतेक पंधरा वेळा उच्चारला आणि एकदाही फोडून सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी चार मिनिटांत "सरकारजमा केलं, म्हणजे कंपनीने स्वतःकडे घेतलं" एवढं सांगितलं, दोन्ही खालसा शेजारी-शेजारी फळ्यावर लिहिले, संपलं.

पहिल्या पिरियडच्या माझ्या बोलण्याचा, आवाजाचा, फळ्याचा सगळ्यांनी शेरा दिला होता. ही नऊ पोरं कोणालाच दिसली नव्हती, मलाही नाही.

"भलतंच" हा गठ्ठा सगळ्यात मोलाचा. त्यातलीच चूक घेऊन दुसऱ्या दिवसाची पहिली पाच मिनिटं काढा, नाव न घेता, हसू न करता.

तपासून बघा: गठ्ठे करताना कोणत्या रांगेचं भलतं जास्त आहे? टप्पा २ मधल्या टिंबांच्या नकाशाशी लावा. माझ्या नऊपैकी सहा खिडकीच्या रांगेतल्या होत्या.

टप्पा ६: तोच लेसन परत

कॉलेजला नवनवे लेसन मोजून हवे असतात म्हणून कोणी हे करत नाही, पण माझं मत विचाराल तर वाढ इथेच होते. अ तुकडीत घेतलेला धडा दोन दिवसांनी ब तुकडीत घ्या, चिठ्ठ्यांवरून फक्त एक गोष्ट बदलून. एकच. सुरुवात, फळा, प्रश्न सगळं बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

मार्गदर्शक मॅडमना निरीक्षणाला बसवताना सांगा, "आज बाकी काही नका बघू, मी कोणाकोणाला प्रश्न विचारते तेवढं मोजा." नाहीतर "छान, आवाज थोडा वाढवा" हाच शेरा मिळतो, त्यांनाही दिवसाला सहा पिरियड असतात, त्यांनी तरी काय काय बघावं.

टप्पा ७: भूगोलाचं प्रात्यक्षिक, आधी एकट्याने करून

आठवीला स्थानिक वेळ व प्रमाण वेळ आहे. सगळे ग्लोब आणि टॉर्च दाखवतात. मी शहाणपणा केला, म्हटलं मैदानात काठी रोवू. हिशोब सोपा आहे: प्रमाण वेळ ८२° ३०' रेखावृत्ताची, नागपूर साधारण ७९° ०५' वर, फरक ३° २५', एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे १३ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे नागपूरचा मध्यान्ह घड्याळात १२ वाजून १३-१४ मिनिटांनी, काठीची सावली तेव्हा सगळ्यात लहान. वर्गात हिशोब केला, पोरांना पटला, दिवाळीच्या सुट्टीनंतर नोव्हेंबरात मैदानात गेलो. सावली बाराच्या आसपासच सगळ्यात लहान झाली आणि मग वाढायला लागली. एक पोट्टा म्हणाला, "मॅडम, पुस्तक चुकून राहिलं का?" आणि मी पण तोंडात मारल्यासारखी उभी.

पुस्तक चुकलं नव्हतं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे सूर्याचा मध्यान्ह वर्षभरात घड्याळाच्या सरासरी मध्यान्हाच्या मागेपुढे होतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटं आधी आणि फेब्रुवारीच्या मध्यात सुमारे १४ मिनिटं उशिरा. डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत हा फरक जवळपास शून्य असतो. म्हणून काठीचा प्रयोग नाताळच्या आसपास करा, आकाशही स्वच्छ असतं, उन्हात उभं राहायला पोरं तयारही असतात. साडेअकरापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. काठी सरळ आहे की नाही ते दोऱ्याला दगड बांधून बघा, तिरपी काठी सगळं बिघडवते. तीन पिरियड सलग लागतात, हेडमास्तरांना आधी विचारा.

कोणतंही प्रात्यक्षिक असो, आदल्या दिवशी त्याच वेळी एकट्याने करून बघा. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी एक तरी जण वर्गासमोर पहिल्यांदाच करतो.

टप्पा ८: नागरिकशास्त्र, जिथे पोरं तुम्हाला पकडतात

सहावीला शहरी स्थानिक शासन संस्था आहे. नागपूर महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले, त्या काळात पुस्तकातलं "नागरिक नगरसेवक निवडून देतात, मुदत पाच वर्षे" शिकवायला गेले की हमखास कोणीतरी म्हणायचं, आमच्या प्रभागात नगरसेवकच नाही, साहेब लोक पाहतात सगळं. अशा वेळी नवे शिक्षक दोन चुका करतात. एक तर "ते सोड, पुस्तकात काय आहे ते बघ". नाहीतर स्वतःचं राजकीय मत पंधरा मिनिटं. दोन्ही नको. फळ्याचे दोन भाग करा, एकीकडे नियम काय म्हणतो, दुसरीकडे आत्ता काय चालू आहे, आणि विचारा की पाण्याचा नळ तुटला तर दोन्ही वेळी तक्रार कोणाकडे न्याल. पोरं स्वतःच बोलायला लागतात.

सातवीला मूलभूत हक्क शिकवताना एक कडक सूचना. समतेचा हक्क, अस्पृश्यता नष्ट करणारं संविधानाचं कलम १७, हे शिकवताना वर्गातल्या कोणत्याही पोराला त्याच्या जातीचं किंवा धर्माचं उदाहरण म्हणून उभं करायचं नाही, "तुमच्याकडे कसं असतं रे" असं प्रेमानेसुद्धा नाही. एखाद्याने स्वतःहून सांगितलं तर ऐका, धन्यवाद म्हणा, आणि त्याला त्याच्या जातीचा किंवा धर्माचा वकील बनवू नका.

आणि हो, वर्ग गोंधळला म्हणून पट्टी उचलणं, अंगठे धरायला लावणं, वर्गासमोर टोमणे मारणं, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने हे सगळं बंद आहे, शारीरिक शिक्षाही आणि मानसिक त्रासही. (दोन्हीकडे कलम १७, लक्षात ठेवायला सोपं.) गोंधळ झाला की आवाज वाढवू नका, दाराजवळ जाऊन उभ्या राहा आणि फळ्यावर पुढचा प्रश्न लिहा. पहिल्या दोन वेळा चालत नाही, तिसऱ्यांदा चालतं.

टप्पा ९: प्रकल्प

"नाग नदीची माहिती आणा" म्हटलं की चाळीस प्रकल्प येतात, सगळे एकाच झेरॉक्सवाल्याकडचे. "घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा की तुमच्या लहानपणी पाणी कुठून भरायचे, आणि त्यांचं एक वाक्य जसंच्या तसं लिहून आणा" म्हटलं की एक ओळ येते पण ती खरी असते. एकाच्या आजीने सांगितलं होतं, "विहिरीवर नंबर लावाले मी गुंडी ठेवून शाळेत जाऊ, अन् आली का माही गुंडी मागं." त्या एका ओळीवर आमचा अख्खा पिरियड गेला, गुंडी म्हणजे काय (पाणी भरायचं भांडं) इथपासून.

टप्पा १०: निघताना

शेवटच्या आठवड्यात सगळे फाइलच्या आणि सह्यांच्या मागे असतात, साहजिक आहे. तरी तीन कामं: तपासलेल्या वह्या परत, शाळेचे नकाशे गुंडाळून जागेवर, आणि वर्गशिक्षिकेला एका कागदावर लिहून द्यायचं की कोणता धडा कुठल्या पानापर्यंत झाला आणि "भलतंच"च्या गठ्ठ्यातलं काय अजून राहिलंय. मी तो कागद दिला नव्हता. मॅडमनी तोच धडा पहिल्या ओळीपासून परत सुरू केला, पोट्टे ओरडले, "झाला न मॅडम हा!", आणि मॅडमनी विचारलं, मग सांगा बरं, खालसा म्हणजे काय.